घोरंबाची हळद

"ऑर्काला हळद नसते? कोण बोलला ऑर्काला हळद नसते? उभा राहा!"

उभं कुणीच राहिलं नाही, कारण बोललो मी होतो आणि माझ्या तोंडात समोसा होता. सरदार मात्र खुर्चीवर चढला होता. उरणला आमच्या चुलत्याचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. त्याच्या वरच्या खोलीत आम्ही चार रिकामटेकडे रविवारी दुपारी एक फाशांचा खेळ खेळायचो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी जादूगार, कुणी चोर, आणि तोंडानेच लढाया करायच्या. कोण जगलं, कोण मेलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो, आणि पंच मी. ऑर्क म्हणजे त्यातले हिरव्या कातडीचे, सुळेवाले राक्षस. जगभर लोक त्यांना मारतात आणि पुढे जातात. आम्हाला पुढे जाता येत नसे. आमच्यात सरदार होता.

हा माणूस बंदरावर कंटेनरची सीलं तपासायचा. आयुष्यात त्याची मारामारी एकच झाली, ती कोंबड्याशी, आणि तीत कोंबडा जिंकला. पण भाला पोटात किती बोटं गेला की माणूस किती पावलं चालतो, हे तो असं सांगायचा, जणू सकाळीच दोन-चार भाले स्वतःच्या पोटातून काढून, धुऊन वाळत घातलेत. आवाज असा, की ऑफिसात बोलला तर करंज्याच्या धक्क्यावरच्या घारी उडायच्या.

"रिअ‍ॅलिझम पायजे, भावा!" हे त्याचं पालुपद. कुणी कुऱ्हाड उगारली की याचा हात वर. चिलखत किती किलोचं? दम किती उरला? वारा कुठून? तीन ऑर्कांशी झालेली आमची एक चकमक गणपतीत सुरू झाली ती शिमग्यापर्यंत चालली. तेवढ्यात गावात दोन लग्नं आणि एक बारसं उरकलं. तिसरा ऑर्क अजून कुऱ्हाड उचलतच होता.

लढाई परवडली, पण ऑर्कांची संस्कृती नको. "ते रानटी हायत हे पुस्तकात कोणी लिवलं? त्यांना मारणाऱ्यांनीच ना?" असं तो विचारायचा. यात तथ्य होतं, म्हणून तर तो जास्तच डोक्यात जायचा. त्याचं पात्र म्हणजे घोरंब नावाचा ऑर्कांचा म्होरक्या. या घोरंबाच्या चाळीस पिढ्यांची नावं सरदाराला तोंडपाठ होती. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर आईला फोन लावायचा. घोरंबाचं लग्नही त्याने ठरवलं होतं. मांडव किती हातांचा, सुळ्यांना हळद कुठल्या बाजूने लावायची, सगळं वहीत लिहिलेलं. नवरी मात्र नुसती 'पलीकडच्या टोळीची पोरगी'.

आता या गृहस्थाची स्वतःची हळद ऐका. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते, नवरानवरीची नावं गुंफून. ती गायल्याशिवाय जुन्या माणसांना लग्न लागल्यासारखं वाटत नाही. सरदाराची सख्खी आत्या धवलारीण. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं तिने गाऊन लावलेली. भाच्याच्या हळदीला ती बसली, दोन ओळी गायली, आणि भाचा म्हणाला, "आत्या, आटप ना, डीजेवाला खोलंबलाय." ती उठली, पदर खोचला आणि घरी गेली. त्यावर पुन्हा कधी अक्षर बोलली नाही. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण डीजेसमोर सगळ्यात पुढे मीच नाचत होतो.

मग सरदाराला आखातात नोकरी लागली. बुधवारचं विमान, म्हणजे रविवारचा खेळ शेवटचा, आणि त्यातच घोरंबाचं लग्न. पण मांडवाकडे निघालेल्या घोरंबाला दलदलीत शत्रूने गाठलं, सरदाराच्या फाशावर एक, म्हणजे सगळ्यात वाईट दान पडलं, आणि मी घोरंब मेल्याचं जाहीर केलं. खोटं कशाला बोलू, चवीने केलं.

"ऑर्क दलदलीतच वाढतो!" सरदार ओरडला. "भाला लागायच्या आत तो बांधावर असेल!"

"चिलखत घालून?"

"घालून!"

"मग तू पळून दाखव. बांध गाठलास तर घोरंब जगला."

अर्ध्या तासात आम्ही मिठागराशी. ओहोटी लागलेली, खाडीचा चिखल उघडा. सरदाराने छातीपाठीला पिंपाचे पत्रे ट्रकच्या दोरखंडाने बांधले, हातात वल्हं घेतलं, आणि पायांत गमबूट. आगऱ्याचं पोर! ज्याच्या तीन पिढ्यांचे पाय या चिखलात मुरले, तो खाडीत बूट घालून उतरला. इथलं कुत्रंसुद्धा बूट असते तर आधी काढून ठेवेल. मी तसं म्हणालो, तर उत्तर आलं, "रिअ‍ॅलिझम."

पहिल्या पावलाला घोटा, दुसऱ्याला गुडघा, तिसऱ्याला कंबर. चौथं पाऊल झालंच नाही. आम्ही उतरलो त्याच बांधावर त्याची आत्या मीठ भरत होती, मिठागरातच कामाला ती. तिने घमेलं खाली ठेवलं, चिखलावर फळी टाकली आणि मीठ ओढायचा लांब दांडा पुढे केला.

"बूट सोर."

"आत्या, नवीन हायत."

"सोर."

बूट अजून तिथेच आहेत.

सरदार बांधावर बसला. अंगावरून चिखल ओघळत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज बारीक झाला होता. "मेला तर मेला," तो मला म्हणाला. "पण हळद लागू दे रे त्याला. मग मार."

सरदाराबद्दलचा इतक्या वर्षांचा मुरलेला तिरस्कार, पण त्या क्षणी तो माझ्या उपयोगी पडला नाही. बरं म्हणालो.

मग तो आत्याकडे वळला, पण तिच्याकडे न बघता. "आत्या, धवला बोलशील? एका मित्राचा लगीन हाय."

"मित्र हिरवा हाय, आत्या," मी म्हणालो. "सुले हायत त्याला."

आत्या दांड्याचा चिखल पाण्यात धूत होती.

"नवरीचा नाव सांग," ती म्हणाली.