विमानासाठी राखलेला डबा

हैदराबादच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. भारताची विमानं येतील या धास्तीनं पोलीस चौकीच्या जमादारानं आमच्या गावाला आभाळावर पहारा ठेवायला सांगितलं. पहारा म्हणजे वेठ, आणि वेठ म्हणजे आमचं घर. पाटलानं माझ्या बापाला माळावरच्या मचाणावर बसवलं आणि हातात रॉकेलचा रिकामा डबा दिला. विमान दिसलं की बडवायचा. तो ऐकून चौकीचा शिपाई घोड्यावरून जिंतूरला वर्दी देणार.

पण बाजरी भरण्यात होती. शेताशेतात मचाण, आणि दर मचाणावर पाखरं हाकायला तसाच डबा. पहिल्याच दिवशी शिपाई चिमण्यांपायी जिंतूरला जाऊन आला. मग जमादारानं दम दिला, "आजसे गाव में एकच डब्बा बजेगा. चिल्लाना भी नहीं." बाकीचे डबे चावडीत जमा झाले. नुसत्या गोफणीला थवे काय भिणार?

बाया बापाला म्हणायच्या, "बस बाबा वर, जावयावानी. चिमण्यायला आमची बाजरी जेवू घाल."

बाप हसायचा. मला त्या हसण्याची चीड यायची. चोरून आणलेल्या पत्रकांत मी वाचलं होतं, हे राज्य जाईल, वेठही जाईल. मी म्हणालो, "विमान आलं तर बडवू नकोस. ते आपल्यासाठी यायलंय."

"आपल्यासाठी आजवर कोण आलंय?" बाप म्हणाला. "न्हाई बडवलं तर जमादार चामडं काढंल. पाटील सुगीला बलुतं देणार न्हाई. मग वरीसभर काय खायाचं?"

विमान भर दुपारी आलं, लय उंचावरून. बापानं डबा बडवला. वर्दी द्यायला गेलेला शिपाई परत आलाच नाही. थोड्याच दिवसांत राज्य गेलं. चावडीवर झेंडा लागला, तो पाटलानंच लावला. पाटलांचं काय होणार, हे पत्रकात नव्हतं.

सुगीला बाप बलुत्याची बाजरी बांधायला धडपं घेऊन खळ्यावर गेला. मी बरोबर होतो. कणसं निम्मी रिकामी होती.

"तुझा वाटा चिमण्यायनी नेला," पाटील म्हणाला. "आन् निजामाचा डबा बडवणाराला गावानं का द्यावं?"

"डबा तुमीच दिलता, मालक."

"दिला मी. बडवला कोण?"

खळ्यावरचे सगळे हसले. मी म्हणालो, "आता वेठ बंद झाली, पाटील."

"मग झालंच की," तो शांतपणे म्हणाला. "वेठ बंद, बलुतं बी बंद."

बापानं रिकामं धडपं खांद्यावर टाकलं. घरी आई दळायला जातं झाडून बसली होती.