टेबलावरचा पेला

टेबलावर स्टीलचा पेला ठेवलेला होता. तरी समोरच्या मुलीनं तांब्या वर उचलला आणि म्हणाली, "धर ओंजळ."

माझे हात पुढे झाले. मी केले नाहीत, झाले. पाठही वाकली. वर्ग खो-खो हसला. कुणीतरी शिट्टी मारली. मॅडमही हसल्या. टाळ्या वाजवत म्हणाल्या, "वा, किती सहज!"

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. धान्याच्या मोंढ्याजवळच्या एका शिकवणीत वरच्या मजल्यावर रविवारी स्पॅनिशचा वर्ग भरायचा. मी मुरुडकडच्या गावाहून एसटीनं यायचे. स्पॅनिश आली की पुण्यात फोनवरची नोकरी मिळते, असं ऐकलं होतं. नोकरीसाठी आले आणि त्या वर्गाच्या प्रेमात पडले.

कारण तिथं सगळेच अडखळायचे. कॉलेजात मी 'न्हाई' म्हटलं की पोरी तोंडाला रुमाल लावायच्या. इथं बड्या घरच्या पोरीही माझ्यासारख्याच बोबड्या. मॅडम चेंडू फेकायच्या, ज्याच्या हातात पडेल त्यानं पटकन सुचेल ते बोलायचं. एकदा मी घाईत म्हणाले, माझी आजी हिरवी आहे. सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला टोचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा आडनाव बाजूला ठेवून मी कुणाशी तरी गप्पा मारत होते.

त्या दिवशी पाहुण्याचा खेळ होता. एकानं दार वाजवायचं, दुसऱ्यानं घरात घ्यायचं, पाणी द्यायचं. पाठ केलेलं चालणार नाही, मॅडम म्हणाल्या. पाहुणी मी, यजमानीण ती. तिच्या वडिलांची मोंढ्यात आडत, आणि शेत आमच्या गावात. माझी आई त्याच शेतात खुरपायला जायची. दुष्काळात काम गेलं, पण गावात पाणी उरलं ते फक्त त्यांच्या बोअरला. आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया तिथं जायच्या. तिची काकू वरून धार सोडायची, आई खाली वाकून ओंजळीनं प्यायची. शेतात कामाला गेलं तरी पाणी असंच, त्यामुळं लहानपणापासून मीही आईशेजारी तशीच वाकलेली. हे त्या वर्गात फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

मी टेबलावर टकटक केलं. "ओला!" म्हणजे नमस्कार.

"आदेलान्ते," ती म्हणाली. आत ये.

"तेंगो सेद," मी म्हणाले. तहान लागलीय. खरंच लागली होती. तिनं पेल्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. आणि तांब्या उचलला.

धार तळहातावर पडली. गार होती. मला आईचे हात दिसले. एवढी शिकले, परक्या मुलखाची भाषा तोंडात आली, आणि हात अजून त्या बोअरवरच. तिचा राग नंतर आला. आधी स्वतःच्या हातांचा आला.

मी ओंजळ सोडली. पाणी फरशीवर सांडलं. त्या उन्हाळ्यात लातुरात पाणी सांडणं म्हणजे पाप. मी टेबलावरचा पेला उचलून तिच्यापुढं धरला.

"पेल्यात दे."

"अगं, गंमत चाललीय."

मॅडम म्हणाल्या, "स्पॅनिशमध्ये बोल ना!"

"न्हाई मॅडम. हे मराठीतच बोलायचं हाय." मी मुद्दाम 'न्हाई' म्हणाले. "पेल्यात दे. न्हाईतर राहू दे."

तिनं तांब्या खाली ठेवला. मी पेला धरून उभी राहिले. कुणीच पाणी ओतलं नाही. मॅडमनीही नाही. त्या म्हणाल्या, "चला, पुढची जोडी."

तशीच तहानलेली घरी आले. आईला सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"प्यायचं व्हतं बाई. पानीच हाय ते," ती म्हणाली. मग म्हणाली, "लातूर नवा जिल्हा झाला तवा तुजा आजा म्हनला व्हता, आता समदं बदलंल. लई वाट बघितली म्या."

मी फडताळातला पेला काढून तिच्या घागरीत टाकला. "उद्यापासून ह्यात प्यायचं."

"आन् बोअरवर तिच्या काकूनं न्हाई दिलं तर?"

"तर न्हाई प्यायचं. टँकरच्या वाटंला जाऊन बसू."

आई घाबरली होती. मीही घाबरले होते.

पुढच्या रविवारी मी वर्गात गेले, पिशवीत स्वतःचा पेला घेऊन. चेंडू माझ्याकडं आला तेव्हा न अडखळता बोलले. पण ते जुनं हसू काही परत आलं नाही. ते तिथंच फरशीवर सांडलं होतं.

त्यानंतर या हातांनी ओंजळ धरली नाही. तहानेनं जीव गेला तरी धरणार नाही.