तिसऱ्या सिलिंडरातला भात

लुंग प्रासानच्या ट्रॅक्टरच्या इंजिनात भात मी घातला. गावातले काही लोक अजून कोंबडीचं नाव घेतात, पण कोंबडीचा दोष एवढाच की ती तिथे होती.

झालं ते असं. शुक्रवारी संध्याकाळी पा नूजाननं, गावाच्या फिटर मावशीनं, ट्रॅक्टरचे चारही इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोट्या, काढल्या आणि साफ करायला घरी नेल्या. इंजिनच्या डोक्यावर चार उघडी भोकं राहिली. जाताना ती मला म्हणाली, "ओट, भोकं बंद कर. स्वच्छ चिंधी घे." मी तालुक्याच्या तंत्रशाळेत दोन वर्षं काढलेला माणूस. चिंधीचे धागे आत पडतात हे मला पुस्तकातून माहीत. मग धागा न सुटणारं आणि भोकात घट्ट बसणारं काय? आमच्याकडे रांजणाला चीर गेली, पत्र्याला भोक पडलं, पाकीट चिकटवायचं राहिलं, की हात आपोआप भाताच्या टोपलीकडे जातो. मी चिकट भाताचे चार गोळे वळले, चार भोकांत बसवले, वरून अंगठ्यानं दाबले आणि स्वतःवर खूश होऊन झोपायला गेलो.

सकाळी तीन गोळे कोंबडीनं खाल्लेले. उरलेला, तिसऱ्या सिलिंडरवरचा, वाळून खडा झालेला. तो उचकटायला मी पेचकस घातला. गोळा वर यायचं सोडून खाली सरकला. हे भोक वर रुंद आणि तळाशी बोटाएवढं असतं. तिथे तो अडला. मी जोर लावला. कुर्रर्र आवाज झाला आणि पेचकसाच्या टोकाशी काहीच उरलं नाही.

त्याच वेळी हिया लेंगचा भंगाराचा ट्रक आपली छोटी क्रेन डुलवत अंगणात शिरला.

हा लेंग तालुक्यातला चिनी भंगारवाला. सगळे त्याला हिया, म्हणजे थोरला भाऊ म्हणतात, कारण तो वजन करताना सख्ख्या भावासारखा गोड बोलतो. माझ्या मामानं, लुंग प्रासाननं, सहा वर्षं शेडमध्ये पडून राहिलेला हा निळा ट्रॅक्टर त्याला किलोच्या भावानं द्यायचं कबूल केलं होतं. बातमी पा नूजानला लागली. ती आली, ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "तोच भाव मी देते. मला द्या."

"शब्द दिलाय, नूजान," लुंग म्हणाला.

"शब्द कशाचा दिलाय?"

"भंगाराचा."

"मग हा भंगार नाही असं मी दाखवलं तर?"

लुंगनं हियाला फोन लावला. हिया हसला. म्हणाला, स्वतःच्या चाकांवर शेडबाहेर आला तर तो ट्रॅक्टर, नाही तर लोखंड. शनिवारी साडेदहापर्यंत. तालुक्याचा वजनकाटा बाराला बंद होतो.

आता पा नूजानबद्दल सांगायला हवं, कारण हा ट्रॅक्टर तिला का हवा होता हे कळल्याशिवाय त्या सकाळी मला पळून जावंसं का वाटत होतं ते कळणार नाही. तिचं वय अठ्ठावन्न, उंची जेमतेम ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाएवढी. सतराव्या वर्षी ती भाताच्या गिरणीत कोंडा झाडायला लागली. गिरणीचं डिझेल इंजिन ज्याच्या हाती होतं तो म्हातारा फिटर दुपारी गायब व्हायचा आणि हिला सांगून जायचा, "आवाज बदलला तर हाक मार." ही आवाज ऐकत बसली. वर्षभरात म्हाताऱ्याच्या आधी हिला कळू लागलं की कुठला सिलिंडर रुसलाय. गिरणी बंद पडली तेव्हा मालकानं पगाराऐवजी इंजेक्टर तपासायचा हातपंप दिला. तो पंप तिनं दारातल्या चिंचेच्या बुंध्यावर ठोकून बसवला. तेव्हापासून तीस वर्षं आसपासच्या नऊ गावांचे इंजेक्टर त्या चिंचेखाली बरे होतात. पंपाचा दांडा दाबला की नोझलमधून धुक्यासारखा फवारा उडाला पाहिजे आणि इंजेक्टरनं 'टर्र' केलं पाहिजे. नुसता थेंब गळला तर ती त्याच्याशी भांडते. "बोल की! तोंडात काय धरलंयस?"

आणि एवढं करून तिची स्वतःची अकरा राय, म्हणजे सुमारे सव्वाचार एकर, जमीन दर वर्षी सगळ्यांच्या शेवटी नांगरली जाते. ट्रॅक्टरवाले नांगरणीच्या ऐन घाईत तिच्याकडे धावत येतात, ती रात्रीचा दिवस करून त्यांची इंजिनं चालू करते, आणि ते आधी आपलं, मग भावाचं, मग पैसे आगाऊ देणाऱ्याचं रान नांगरतात. "पा, उद्या नक्की," म्हणतात. गेल्या वर्षी तो उद्या सत्तावीस दिवसांनी उजाडला. रोपं पिवळी पडून गेली होती.

अशी बाई सायकलवरून उतरली. टोपलीत धुतलेल्या कापडात गुंडाळलेले चार इंजेक्टर. मी सगळं खरं सांगून टाकलं. खोटं बोलायला वेळच नव्हता.

तिनं सायकल शेडला टेकवली. "भात?"

"चिकट."

"तो चिकट हे मला माहितीये रे, दिवट्या. तंत्रशाळेत हे कुठल्या वर्षाला शिकवतात?"

हिया लेंग ट्रकच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होता. "पा, सोडून द्या! ट्रॅक्टरला भूक लागली असेल, जेवू द्या. मी क्रेन लावतो."

"तू गप. साडेदहाला अजून दीड तास आहे." ती माझ्याकडे वळली. "काल वळलास तेवढाच गोळा वळ. अगदी तेवढाच."

मला वाटलं चेष्टा करते. पण तिनं तो गोळा माझ्याकडून घेतला आणि चाकाच्या मडगार्डवर ठेवला. "जेवढा गेला तेवढा बाहेर आला पाहिजे. हा आपला मापाचा."

आधी तिनं पट्ट्याच्या चाकाला हात घालून इंजिन हातानं फिरवलं, हळूहळू, कान लावून. कुठे अडलं नाही. मग लुंगच्या पिकअपच्या बॅटरीला तारा जोडल्या. इंजेक्टर नसलेलं इंजिन सुरू होत नाही, नुसतं श्वास घेतं आणि चार भोकांतून फुंकतं. तिला तेच हवं होतं.

"तोंडं बाजूला घ्या! ओट, मार!"

मी स्टार्टर मारला. घुर्र घुर्र घुर्र. धूळ उडाली, काजळी उडाली, बाकी काही नाही.

"पुन्हा!"

घुर्र घुर्र, फाट्! तिसऱ्या भोकातून भाताचा गोळा सणसणत वर गेला आणि शेडच्या पत्र्यावर असा आदळला की झाडावरची कबुतरं उडाली. हिया लेंग उभाच राहिला. लुंग ओरडला, "ए नूजान, पावसासाठी रॉकेट सोडायचा सण पुढच्या महिन्यात आहे!"

पा जमिनीवर रांगत काळे झालेले कण गोळा करू लागली. सगळे एकत्र दाबून तिनं मापाच्या गोळ्याशेजारी ठेवले. पाऊणच भरत होतं.

"पाव आत आहे. मार!"

तिसऱ्यांदा मारला. पुन्हा फाट्, या वेळी तुकडे माझ्या शर्टावर. तिनं ते माझ्या अंगावरून वेचले, गोळ्याला लावले, डोळा बारीक करून पाहिलं. टॉर्च घेऊन भोकात डोकावली. बाकीची तीनही भोकं तपासली. "सगळा निघाला. पुसून घे."

नऊ चाळीस.

इंजेक्टरखाली तांब्याचा एकेक वॉशर बसतो. तो नरम असला तरच चेपून जागा धरतो, नाही तर दाब बाजूनं निसटतो. नवे वॉशर अठरा किलोमीटरवर. म्हणून पा जुनेच निखाऱ्यावर लाल करते आणि पाण्यात टाकते, की तांबं पुन्हा लोण्यासारखं. मामी त्या वेळी अंगणात कोंबडी भाजत होती. पा नूजाननं तिला सरकवलं आणि चार वॉशर जाळीवर मांडले.

"माझ्या कोंबडीला डिझेलचा वास लागेल!" मामी.

"मग त्या ओटला वाढ. त्याला आज काहीही चालेल."

वॉशर लाल झाले. चर्र, चर्र, चर्र. चौथा पाण्यातून निघाला तेव्हा त्याला केसासारखी चीर होती. पा नूजाननं तो नखानं वाकवला आणि तो तुटला.

पा वॉशरचे दोन तुकडे तळहातावर धरून उभी होती. तिनं ते पुन्हा पुन्हा जुळवून पाहिले. मी घड्याळाकडे पाहिलं, नऊ पन्नास. मोटारसायकलवर जाऊन येईन म्हणालो, पण मलाच माहीत होतं, नाही पोचणार.

आणि हिया लेंग उठला. ट्रकवर चढला, तांब्याचा डबा उपडा केला आणि वाकून चाळू लागला. तारा, नळ्या, वाकड्या पट्ट्या. "असला का?" "मोठा आहे." "हा?" "पातळ." "हा बघा, पा, हा!"

पा नूजाननं तो काचेच्या तुकड्यावर इतर तिन्हींशेजारी ठेवला आणि वरून पट्टी फिरवली. पट्टी कुठे अडली नाही. सारखी जाडी.

"हिया," ती हळूच म्हणाली, "तुझं नुकसान होतंय."

"होतंयच! तांबं आहे, तीन ग्रॅम! फुकट समजू नका." मग स्वतःशीच पुटपुटला, "भात उडताना पाहिला, आता पुढचं बघितल्याशिवाय जाववेना."

मग जी लगबग उडाली! वॉशर लाल, चर्र, पुसला, भोकात. त्यावर इंजेक्टर. प्रत्येकाला दोन नट, आणि पा ते एकदाच कधी आवळत नाही. याला अर्धा फेरा, त्याला अर्धा फेरा. "नवरा-बायको आहेत. एकालाच पिळलंस तर दुसरं तिरकं होतं." वर डिझेलच्या नळ्या. त्यांचे नट ढिलेच ठेवले, कारण आतली हवा आधी बाहेर काढायची. मला स्टार्टरवर बसवलं. नळ्यांच्या तोंडाशी फेस, बुडबुडे, मग स्वच्छ डिझेलची पिचकारी. "एक! आवळला. दोन! आवळला."

तिनं एकदम हात वर केला. "थांब. म्ये या नांगची माफी माग."

प्रत्येक गाडीत राहणारी ही देवीआजी मी विसरलो होतो. मी स्टिअरिंगला हात जोडले. "आजी, भात मी घातला. रागावू नका."

"पोट भरलं असेल तर चला म्हणाव," हिया मागून म्हणाला. दहा वाजून बावीस मिनिटं.

मी स्टार्टर मारला. एका सिलिंडरनं धरलं. धक्! पांढरा धूर. दुसऱ्यानं. धक्-धक्! सगळा ट्रॅक्टर एका अंगानं हलतोय, लंगडतोय. पा डोळे मिटून ऐकत होती. "चौथा आला... तिसरा, तिसरा ये की रे..." तिनं पाना तिसऱ्या नळीवर टेकवला, नट जरासा सैल केला, हवेचा शेवटचा बुडबुडा फुस्स करून निघाला, तिनं नट आवळला, आणि चारही एकदम धरले! धडधडधडधड! सहा वर्षांची धूळ पत्र्यावरून खाली आली. मामी ताट वाजवत होती. मी ओरडत होतो, काय ते मलाही ऐकू येत नव्हतं.

"उतर!" पा नूजाननं मला दंडाला धरून खाली ओढलं आणि स्वतः चढली. पाय क्लचला पोचत नव्हता म्हणून सीटच्या अगदी टोकावर, जवळजवळ उभी. ट्रॅक्टरनं एक गचका दिला, चाकाखालच्या दोन विटा फोडल्या आणि बाहेर आला. शेडबाहेर, अंगणात, हिया लेंगच्या ट्रकला वळसा घालून, फाटकातून रस्त्यावर, आणि ती थांबेचना. तिच्या अकरा रायच्या दिशेनं तशीच निघाली. नांगर नाही, काही नाही. नुसती जाऊन बांधावर उभी राहिली, इंजिन चालू ठेवून.

लुंगला पैसे दुपारीच मिळाले, शेवटच्या नोटेपर्यंत. पण हिया लेंगचे तीन ग्रॅम अजून बाकी आहेत. तो रस्त्यानं जाताना हॉर्न वाजवून ओरडतो, "पा, माझं तांबं!" ती वावरातून हात हलवते. मी एकदा म्हणालो, "पा, देऊन टाक की बिचाऱ्याला, नवा वॉशर आणून देतो."

"नवा नको म्हणतो. तोच हवाय."

"मग?"

"मग काय! त्यासाठी तिसरा इंजेक्टर उघडावा लागेल," ती म्हणाली. "आणि तू गावात असेपर्यंत मी तो उघडत नसते."