भाजलेल्या जागेचा वास

हुसेन गेला त्या वर्षी सुलतानबीनं भिंतींना दोनदा चुना दिला, त्याची वाकळ देऊन टाकली, रोज दिवेलागणीला ऊद जाळला. तरी तो वास काही जाईना. कोल्हापूरच्या सदर बाजारातल्या त्या दोन खोल्यांत कुठंही बसलं, की मध्येच नाकाशी यायचा. गोडसर, कुबट, ओल्या फडक्यासारखा. साडीला फॉल लावताना तिची सुई तशीच थांबायची.

"अफसाना, तुला येतो का गं?" ती लेकीला विचारायची.

"कशाचा, अम्मा? मला तर कसलाच वास येत न्हाय."

तो हुसेनच्या पायाचा वास होता. हुसेन गुळव्या होता. कोडोलीकडच्या गुऱ्हाळांवर काहिलीत, त्या पसरट कढईत उकळणाऱ्या उसाच्या रसाकडं नुसतं बघून गूळ उतरवायची वेळ सांगायचा. लग्नाआधी, ऐन विशीत, काहील उतरवताना एका गड्याचा पाय घसरला, काहील कलंडली आणि उकळता पाक हुसेनच्या पोटरीवर आला. शेजारी उभा असलेला त्याचा सोबती गुंडूही मांडीपासून घोट्यापर्यंत भाजला. दोघंही वाचले. हुसेनच्या पोटरीवर वाळक्या सालीसारखा चट्टा राहिला, एवढंच. वीसेक वर्षं त्यानं काही त्रास दिला नाही.

मग एका हिवाळ्यात तो चट्टा मध्येच फुटला. मलम लावलं, पाला बांधला, पट्ट्या झाल्या. भरल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा चिघळायचा. रोज सकाळी पट्टी सोडायची ती सुलतानबी. जखमेची कड जाड होतेय, कोबीच्या पानागत वर येतेय, हे तिला दिसत होतं. ती बोलली की हुसेन म्हणायचा, "जुनं हाय, भरंल." मिरजेच्या मोठ्या डॉक्टरनं तुकडा काढून तपासला, तोवर जांघेत लिंबाएवढी गाठ आली होती. चौऱ्याण्णव सालच्या हंगामात, गुऱ्हाळं नुकतीच पेटलेली असताना, हुसेन गेला.

त्यानंतर काही दिवसांनी एक पांढरं मांजराचं पिल्लू पत्र्यावरून घरात उतरलं आणि थेट हुसेनच्या खाटेवर जाऊन झोपलं. कान, नाक, पंजे, सगळं दुधासारखं. अफसानानं तिचं नाव मलई ठेवलं. सुलतानबीला मांजरं आवडत नव्हती, पण त्या खाटेवरून मलईला उठवायचा धीर तिला झाला नाही. मलईला दोनच वेडं होती. रात्री ती खाट, आणि दुपारी तापलेला पत्रा.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात मलईच्या डाव्या कानाच्या टोकाला खपली धरली. "बोक्यानं चावलं असंल," शेजारीण म्हणाली. खपली पडली, रक्त आलं, पुन्हा धरली. पावसाळ्यात बरी वाटली. पुढच्या उन्हाळ्यात कानाचं टोकच झिजल्यासारखं दिसायला लागलं. सुलतानबी हळद लावत राहिली. एका दुपारी मलई मांडीवर येऊन बसली, सुलतानबी तिच्यावर वाकली, आणि तो वास आला. या वेळी हवेतून नाही. कानातून.

तिनं मलईला पिशवीत घातलं आणि तशीच शाहूपुरीत प्रसेनजीत शिंगे नावाच्या तरुण डॉक्टरच्या दवाखान्यात गेली. बाकावर कुत्री घेऊन बसलेली माणसं होती, मांजर तिचं एकटीचंच. नंबर आल्यावर ती उभ्याउभ्याच म्हणाली, "डॉक्टर, माझ्या मालकाला जे झालं ते ह्या मांजराला झालंय."

डॉक्टर हसला नाही. "बसा चाची. काय झालं होतं त्यांना?"

तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग बॅटरी लावून कान बघितला, दुसरा कान बघितला, नाकाचा शेंडा बघितला. जबड्याखाली दोन बोटांनी चाचपलं. "मारामारीची जखम असू शकते. बुरशी असू शकते. गाठीचा रोगही असू शकतो. हे तिन्ही वरनं सारखंच दिसतं. बघून सांगणारा एक तर देव, न्हाय तर खोटारडा."

त्यानं कडेचे चार केस आणि खपली काढून बुरशीसाठी तपासली. बुरशी नव्हती. मग काचेची पट्टी जखमेवर दाबून उचलली, तिच्यावर जांभळा रंग घातला, वाळवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बराच वेळ वर बघितलंच नाही.

"मला बघू दे," सुलतानबी म्हणाली.

तिला जांभळे ठिपके दिसले, पेरलेल्या नाचणीसारखे. "ह्यातलं वाईट कुठलं?"

"ते बारके, एकसारखे आहेत न्हवं, ते सुजेचे. कुठल्याही जखमेत सापडतात. हे मोठे, वेडेवाकडे, एकमेकांशी न जुळणारे, ह्यांच्यावर माझा संशय हाय. पण एवढ्यावर मी शिक्का मारणार न्हाय. तुकडा काढून मुंबईला पाठवूया."

ती काचेवरून डोळा काढेना. वाटलं, पाच वर्षं घरात जे फिरत होतं त्याचं तोंड आज दिसलं. हळूच तिनं विचारलं, "डॉक्टर, हे त्यांच्याकडनं तर आलं नसंल? ती त्यांच्याच खाटंवर झोपती."

"न्हाय चाची. हे माणसाकडनं मांजराला जात न्हाय. पांढऱ्या मांजराच्या कानाला ऊन अडवणारा काळा रंग नसतो, केसही विरळ. रोज ऊन लागतं, कातडं वर्षानुवर्षं भाजत राहतं. तुमच्या मालकांचं पाकानं भाजलं, हिचं उन्हानं. जुनी भाजलेली जागा कधीकधी अशी उलटते."

मुंबईहून उत्तर यायला बरेच दिवस लागले. तेवढे दिवस मलई खाटेच्या पायथ्याशी टक लावून बसायची आणि सुलतानबी तिच्याकडं बघत बसायची. दोघींच्या मध्ये कोणीतरी टेकलेलं आहे असं वाटून ती पाय आखडून घ्यायची. अफसाना घाबरायची. "अम्मा, अशी काय बघतीस?"

उत्तर आलं. कातडीचा कॅन्सरच. गळ्याकडच्या गाठीत मात्र उतरलेला नव्हता. डॉक्टर म्हणाला, "दोन्ही कान कापू. उजव्यालाही सुरुवात झालीय. दिसायला विचित्र दिसंल, पण जगंल." सुलतानबी दाराबाहेर बसून राहिली. मलई गुंगीतून उठली तेव्हा तिचं डोकं वाटोळं, घुबडासारखं झालं होतं. सुलतानबीनं पत्र्याकडं जाणाऱ्या खिडकीला जाळी बसवली आणि दुपारभर मलई आतून रडत राहिली.

जखम भरली. पण सुलतानबीला झोप लागेना. एक विचार डोक्यात येऊन बसला होता. त्या काहिलीनं दोघांना भाजलं होतं.

गुंडूला तिनं हुसेनच्या मातीनंतर बघितलं नव्हतं. ती एकटीच एसटीनं कोडोलीला गेली. गुंडू अंगणात बाजेवर पडला होता, धोतर घोट्यापर्यंत ओढून. तिला बघून उठून बसला. "भाबी? अशी अचानक?"

"भावजी, पाय दाखवा."

"पाय कशाला? चहा तर घ्या."

ती त्याच्याजवळ बसली, आणि बसता क्षणी तिला तो वास आला. दाखवायची गरज उरली नव्हती. गुंडूही तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं हळूहळू धोतर वर सारलं. गुडघ्याखाली, जुन्या चट्ट्यात, रुपयाएवढी जखम होती. कड नुकतीच जाड व्हायला लागलेली.

"जुनं हाय ते," गुंडू म्हणाला. "भरंल."

सुलतानबीनं डोळे मिटले. तोच शब्द, तोच सूर. कोण बोललं ते तिला क्षणभर कळलं नाही. "ते बी असंच म्हणायचे," ती म्हणाली, "आणि मी ऐकत राहिले."

गुंडूनं आढेवेढे घेतले. कापाकापीला तो घाबरत होता. तिनं त्याला मांजराची गोष्ट सांगितली. काच, ठिपके, मुंबईला धाडलेला तुकडा, कापलेले कान. तो खाली मान घालून ऐकत होता. "मांजर जगलं?" त्यानं विचारलं.

"जगलं. उंदीर मारतंय."

दुसऱ्या दिवशी तो कोल्हापूरला आला. तुकडा तपासला. निदान तेच निघालं, पण वेळेत. चट्टा मुळासकट काढला, दुसऱ्या मांडीची कातडी तिथं बसवली. पाय राहिला. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर तो छताकडं बघत पडला होता. शेजारी सुलतानबी.

"भाबी," तो म्हणाला, "हुसेनचं बी असंच कापलं असतं तर?"

तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

गुंडू त्यानंतर लंगडत का होईना, पुष्कळ वर्षं चालला. मलई दोन हजार पाच सालापर्यंत जगली आणि म्हातारपणानं गेली. सुलतानबी शाहूपुरीच्या दवाखान्यात अधूनमधून जायची. कोणी मांजर आणलेलं असलं आणि ते बिथरलं, की डॉक्टर म्हणायचा, "चाची, जरा धरा." ती दोन्ही हातांनी त्याला छातीशी धरायची, आणि डॉक्टरनं जखमेवरची काच उचलेपर्यंत, वास नाकाशी येऊ नये म्हणून, तोंड दुसरीकडं फिरवून उभी राहायची.