महानंदाची वेगळी चूल

गिरिजा, अशी जवळ बस, दारातून बोलू नको. झेंड्याच्या दिवशी चारठाण्याच्या शाळेत तू भाषण केलंस म्हणे, "माझी ताई सेंट्री ड्युटीवर शहीद झाली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अगं वेडे, आधी मला विचारायचं तरी! तुझ्या महानंदाताईची सेक्शन कमांडर मी होते. रिपोर्टात सेंट्री ड्युटी लिहिली, ती बी मीच. आता खरं ऐक.

नक्षल भागात जंगलातली पोस्टिंग. सेक्शनमध्ये आमी आठ जणी. सकाळी पाचला फॉल-इन, सहाला पेट्रोलिंग, संध्याकाळी कॅम्पवर परत. त्या खेपेला मुक्काम लांबला. तिसऱ्या दिवशी रेशन संपलं. पाऊस पडून गेलेला. दुपारी तीनला शेवंतानं, आमच्या वायरलेसवालीनं, फाशात ससा धरला. शिकारीला मनाई होती, आग पेटवायलाही. दोन्ही हुकूम मीच मोडले.

ससा मी सोलला. मागच्या पायांशी चीर दिली, पायमोज्यासारखं कातडं ओढलं. आतडी पुरली. मीठ-तिखट चोळून हिरव्या काठीवर चढवला. होतं नव्हतं तेवढं कोरडं लाकूड जाळून निखारा केला. दोन काटक्या तेवढ्या बाजूला ठेवल्या. निखाऱ्याला धूर नसतो.

महानंदाकडं मूठभर तांदूळ होते. तुमचं लिंगायताचं घर, मटण कधी शिजलेलं न्हाई. म्हणाली, "मॅडम, मी वेगळी चूल मांडू?"

शेवंता खिदळली, "आली बाई मठातून!"

"ह्याच निखाऱ्यावर शिजव की," मी म्हणाले.

"त्यात चरबी गळायलीय, मॅडम."

मला संताप आला. "सशाचा वास झोंबायलाय का तुझ्या महादेवाला? मग जा त्या पळसाखाली."

"कोरड्या दोन काटक्या द्या की."

"त्या सशाला लागतात. ओलं हाय ते घे."

पळस वीस पावलांवर, आमच्या घेऱ्याच्या बाहेर. मला ठाऊक होतं. ओल्या लाकडाचा पांढरा धूर झाडांच्या वर चढला. तीन चाळीसला मी म्हणाले, "विझव ते!" ती फुंकायला वाकलेली, तिनं मान वर केली. पहिली गोळी तिलाच लागली.

फायरिंग अकरा मिनिटं चालली. मग शेवंतानं सेट उचलला.

"वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कंडिशन? ओव्हर."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"डेड. ओव्हर."

"पोझिशन होल्ड करा. पार्टी सकाळी येईल. आउट."

तिला पावसाच्या पोंचोत गुंडाळलं. तिचा भात कच्चाच राहिला होता. ससा मात्र नीट भाजला होता. साडेपाचला आमी तो खाल्ला, सातही जणींनी. लय चवदार होता, गिरिजा. हाडंसुद्धा चोखली.

तुमच्या रिवाजानं तिला बसवून माती दिली तेव्हा मी युनिफॉर्ममध्ये उभी होते. तू लहान होतीस. तुझ्या आईनं माझा हात धरला. "मॅडम, माझ्या लेकीनं शेवटी काही खाल्लं होतं का हो?"

मी म्हणाले, "पोटभर."

आईला हे तू सांगू नको, मलाच सांगू दे. माझे गुडघे आता चारठाण्यापर्यंत नेत न्हाईत. तिला घेऊन ये. आज आलीस तशीच ये, परभणीला उतरून इकडं पोखर्णीचा ऑटो धर. तिला मला मारावंसं वाटलं तर मारू दे, तू मधी पडू नको. पण लवकर आण गं.