मापेकाकांचा अर्ज

मापेकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी खिशातून स्टीलची टेप काढायचे. सर्रर्र! दाराची रुंदी. सर्रर्र! कपाटाची खोली. मग यजमानाकडे वळून, "छान आहे हो खोली. किती चौरस मीटर?" यजमान जपानमधल्या इचिकावा शहरातला मराठी भाडेकरू. एजंटाने खोली जपानी पद्धतीने, जमिनीवर किती चटया बसतात त्यावर, सांगितलेली, म्हणून तो बिचारा म्हणायचा, "सहा चटयांची." झालं! चहा गार होईपर्यंत व्याख्यान.

काका वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. आमच्या इमारतीत मुलाकडे राहायला आलेले. उभी हयात बाजारातले तराजू तपासण्यात गेलेली. "सरकारने मेट्रिक स्वीकारलंय ना? मग घराघरांत हे काय चाललंय? बुलेट ट्रेन सेकंदावर आणि तांदूळ कपाने!" राइस कुकरबरोबर येणारा कप जुन्या जपानी मापाचा, एकशे ऐंशी मिलिलिटरचा. एकदा भर दुकानात तो कप मशालीसारखा उंच धरून त्यांनी सेल्समनला विचारलं, "व्हेअर इज द स्टॅम्प?" सेल्समन कमरेत वाकला. काका म्हणाले, "बघा, गुन्हा कबूल!" मला टक्कल आहे, तरीही मी शेजारच्या हेअर ड्रायरचं माहितीपत्रक मन लावून वाचू लागलो.

लाज वाटायची हो आम्हाला. स्टेशनवर ते दिसले की भली भली माणसं मोबाइल कानाला लावायची.

आणि मग काकांनी अर्जाचं काढलं. चटया आणि कप बंद करून सगळीकडे फक्त मेट्रिक मापं वापरावीत, अशी जपान सरकारला विनंती. "परदेशी माणसालाही इथे अर्ज करता येतो, मी चौकशी केलीय. व्हिसा संपायच्या आत एवढं झालं पाहिजे. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नाही. हे माझं शेवटचं सरकारी काम समजा."

सह्या त्यांनी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत गोळा केल्या, महाप्रसादाच्या रांगेत.

"काका, व्हिसा नाही ना अडकणार?"

"अरे, मीटर मागितला म्हणून कुणी तुरुंगात घालत नाही."

"कर रे सही लवकर, मसालेभात संपतोय!"

एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून सगळ्यांनी सह्या ठोकल्या. माझीही त्यात आहे. झोकदार.

दुभाषी म्हणून मलाच नगरपालिकेत जावं लागलं. काका कोट-टायमध्ये, मी त्यांच्यापासून दोन पावलं मागे. काउंटरवर मोरितासान नावाचा शांत माणूस. अर्ज इंग्रजीत, जोडीला मोबाइलने केलेलं जपानी भाषांतर. मोरितासानने दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचले. मग पेन्सिलीचं टोक एका ओळीवर ठेवून अगदी मऊ आवाजात मला विचारलं, "माफ करा, मला नीट समजलं नसेल. 'सहा चटयांची खोली जेमतेम शंभर स्क्वेअर फूट भरते.' हा स्क्वेअर फूट मेट्रिकमध्ये येतो का?"

मी भाषांतर केलं नाही. गरजच पडली नाही. 'स्क्वेअर फूट' हे शब्द काकांनी ऐकले होते.

पुण्यातला फ्लॅट साडेसातशे स्क्वेअर फूट, सून पाच फूट तीन, पाटल्या चार तोळ्यांच्या, नातवाला ताप एकशे एक. असंच बोलतो आपण, काका काय आणि मी काय. काकांचे कान लाल झाले. मोरितासानला वाटलं त्याचंच चुकलं. तो गडबडीने म्हणाला, "मी हिशेब करून चौरस मीटर लिहितो ना, काही हरकत नाही." हे मात्र मला सांगावं लागलं.

"नको म्हणावं," काका म्हणाले. "वजन खोटं निघालं तर मी दुकानदाराला तिथल्या तिथे दुरुस्त करू देत नव्हतो. जप्त करायचो." त्यांनी अर्ज मागून घेतला, घडी केली आणि मोरितासानपेक्षाही खाली वाकले. मी तेव्हा कुठे पुढे होऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

एवढ्यावर थांबते तर ते मापेकाका कसले? इथली रीत त्यांनी बरोबर हेरली होती: चूक झाली की मिठाईचा खोका घेऊन माफी मागायला जायचं. सही केलेल्या प्रत्येकाच्या दारी काका गेले. टेप नाही, व्याख्यान नाही. "तुमची सही मी वाया घालवली, माफ करा."

माझ्याकडे सर्वांत शेवटी आले. बायकोने विचारलं, "पण काका, एवढ्या लोकांनी सह्या केल्या, कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

मी छताकडे बघू लागलो.

"कसं येईल?" काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "एकानेही वाचलं नाही वहिनी. निरीक्षकाने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून डोळे मिटून सह्या केल्या. इतका विश्वास मला नोकरीतसुद्धा कुणी दाखवला नव्हता. त्याचीच जास्त लाज वाटते."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी काकांसाठी चहा टाकायला उठलो.

व्हिसा संपल्यावर काका पुण्याला गेले, ते परत आले नाहीत. हल्ली मंडळात कुणी सहीला कागद पुढे केला की मी तो पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो. मागे रांग खोळंबते, लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.