रादोयकाचं गाढव

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं काय चाललंय ते सगळ्यात आधी मला कळतं, असा माझा बरेच दिवस समज होता. जन्मभर मी लेस्कोवत्समध्ये बायकांचे केस कापले. खुर्चीत बसली की बाई बोलतेच. पण वरच्या मजल्यावरच्या रादोयकापुढे मी काहीच नाही. तिला कुणी काही सांगावं लागत नाही. ती लोकांच्या घरी जाऊन गालिचे धुते आणि धुऊन झालं की मशीनच्या गाळणीत अडकलेला केसांचा गुंता काढते. एकटा राहणाऱ्या दंतवैद्याचा गालिचा धुतला तेव्हा गाळणीत लांबच लांब लाल केस निघाले. मी शेजारीच उभी होते.

"अगं रादोयका, हे तर..."

"लोकर आहे," ती म्हणाली, आणि गुंता कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला.

लाल लोकर! अशा बाईशी मैत्री म्हणजे निव्वळ शिक्षा आहे. ती मी कित्येक वर्षं भोगतेय आणि मला ती कमी करून नकोय.

रादोयका आधी कापडगिरणीत मागावर होती. गिरणी बंद पडली तेव्हा सगळ्या बायका रडल्या, तीही रडली. नंतर गावाबाहेरचं एक हॉटेल मोडीत निघालं आणि सामान विकायला काढलं, तेव्हा आम्ही बाकीच्या आरशांवर नि चादरींवर तुटून पडलो. ही मात्र एक करडं, चाकं लावलेलं धूड ओढत घरी आली. वर-खाली दोन टाक्या. एकीतलं स्वच्छ पाणी पंपाने नळीतून गालिच्यावर फवारायचं, आणि त्याच दांडीने घाण पाणी ओढून दुसरीत भरायचं. पाणी पितं, ओझं ओढतं आणि मनात आलं की उभं राहतं, म्हणून त्याचं नाव पडलं गाढव. आता सगळा मोहल्ला त्याला याच नावाने ओळखतो. "शनिवारी गाढव मोकळं आहे का गं?" असं लोक जिन्यात विचारतात.

गाढवाची सेवा कशी करावी हे रादोयकाकडून शिकावं. कितीही दमून आली तरी आधी त्याचं, मग स्वतःचं. न्हाणीघरात उभं करून नळी नितळ वाहेपर्यंत तिच्यातून गरम पाणी सोडायचं. घाण टाकी ब्रशने घासायची आणि झाकणं उघडी ठेवून वाळू द्यायची. "झाकण लावून ठेवलं की आत कुबट वास धरतो, आणि उद्या तो मी दुसऱ्याच्या घरात नेते," असं तिचं म्हणणं. चालवताना मात्र झाकण घट्ट लावायचं, सैल राहिलं की गाढव शिट्टी मारतं. आमच्या पाण्याने किटलीतसुद्धा पांढरी पुटं चढतात, म्हणून अधूनमधून व्हिनेगर घातलेलं पाणी फिरवायचं. रबरी कड्या झिजल्या तर लोणच्याच्या बरण्यांच्या. फवाऱ्याचं भोक तुंबलं तर केरसुणीची काडी. सुई नाही! एकदा माझा नवरा तिहोमीर सुई घेऊन मदतीला धावला, तेव्हा तिने त्याच्या हातावर चापटच मारली. "सुईने भोक मोठं होतं. मग फवारा नाही, गाय मुतल्यासारखी धार लागते."

हे सगळं चालू असताना फोन कपडे धुण्याच्या मशीनवर ठेवलेला असतो आणि फोनवर असतो तिचा एकुलता एक मुलगा नेबोयशा. तो ऑस्ट्रियात, लिंझला बस चालवतो. मायलेक रोज संध्याकाळी बोलतात, म्हणजे गाढव घरघरतं आणि त्यावरून दोघं ओरडतात. छत पातळ असल्यामुळे मलाही सगळं ऐकावं लागतं. ऐकावं लागतं म्हणजे, मी खुर्ची तिथेच ठेवते.

नेबोयशा वाईट मुलगा नाही. त्याला फक्त आईची काळजी वाटते. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि रादोयकाचा गुडघा गेली दोन वर्षं कुरकुरतोय. ऑगस्टमध्ये तो सुट्टीवर आला त्याच आठवड्यात गुडघा टम्म सुजला. झालं! सकाळ-संध्याकाळ एकच पालुपद: आई, चल लिंझला, खोली आहे, डॉक्टर आहे, लिफ्टसुद्धा आहे. शेवटी रादोयका वैतागली.

"हे गाढव ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "शब्द देते. पण तोपर्यंत लिंझचं नाव काढायचं नाही!"

"शब्द?"

"शब्द."

मी तिथेच बसले होते. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. रादोयकाचा शब्द म्हणजे काय चीज आहे ते मला ठाऊक आहे. आणि ती गेली तर मी सकाळची कॉफी कुणाबरोबर पिणार? तिहोमीरबरोबर?

त्यानंतर अख्खी बिल्डिंग गाढवाला तळहातावरच्या फोडासारखी जपायला लागली. तळमजल्यावरचे लोक ते जिन्याने वर नेऊन द्यायचे. कुणी जुनी नळी आणून दिली, कुणी चाकाला तेल. गाढवाला एवढा मान आमच्या गावात कधी कुणाला मिळाला नव्हता.

आणि जवळ आला मित्रोवदान. रादोयकाच्या घराच्या संताचा दिवस हाच. या दिवशी आमंत्रण कुणालाच नसतं आणि येतात मात्र सगळे. त्यामुळे त्याच्या आधी लोक घर नुसतं झाडत नाहीत, उलटं-पालटं करतात. ऑक्टोबर संपेपर्यंत रादोयकाने गावातले निम्मे गालिचे धुतले. स्वतःचा राहिला आदल्या दिवसापर्यंत. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! नेबोयशा त्याच दुपारी पोचणार होता.

सकाळी तिच्याकडचं व्हिनेगर संपलं होतं. तिने तिहोमीरला दुकानात पाठवलं. आता, माझा नवरा दुकानातून व्हिनेगर आणेल हे शक्य आहे का? आमच्याकडे घरचं ते सोनं आणि दुकानातलं ते विष. राकियाची दारू घरची, भाजलेल्या मिरच्यांचं आयवार घरचं, साबणही त्याला घरचाच हवा. तो जिना उतरला, आमच्याच कोठीत शिरला आणि गावाकडच्या सफरचंदांच्या व्हिनेगरची बाटली घेऊन वर गेला. रादोयका तेव्हा कोबीच्या पानांत खिमा भरून सारमा गुंडाळत होती, हात बरबटलेले. "ओत टाकीत थोडं," ती म्हणाली, आणि या गृहस्थाने तळासकट ओतलं. घरच्या व्हिनेगरला तळाशी बुळबुळीत साय धरते, हे पोराटोरांनाही माहीत असतं. तिहोमीरलाही माहीत होतं. पण ती साय आरोग्याला उत्तम असते म्हणे!

गालिचा निम्मा धुऊन झाला आणि फवारा बारीक झाला. मग थेंब. मग काहीच नाही. रादोयकाने फवारा काढला, काडी फिरवली. टाकीची गाळणी काढली तर तिच्यातून जेलीसारखं काहीतरी लोंबलं. ते धुतलं. नळी फुंकली. पुन्हा बटण दाबलं. पंप कण्हला, खरखरला आणि गप्प झाला.

"पंप गेला," ती म्हणाली. "तो मला उघडता येत नाही."

तिहोमीरचा चेहरा पडला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण लगेच मला सुचलं. "अगं, ओढायचं तर चालू आहे ना! मी झारीने पाणी ओतते, तू ओढून घे. गालिचा होईल. अर्धं गाढव चालतंय म्हणजे बंद पडलं असं कसं म्हणायचं?"

"वुका, गाढव पाय रोवून उभं राहिलं की त्याचे कान हलतात म्हणून आपण ते चालतंय म्हणत नाही."

तरी आम्ही झारीने गालिचा पुरा केला. गुडघे टेकून मी ओतत होते, ती ओढत होती, आणि दोघींना रडू येत होतं. ते दोघींनीही साबणाच्या वाफेवर ढकललं. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. रादोयकाने ओढायचं बटणही बंद केलं आणि कोर्टात साक्षीला उभं राहावं तशी दारात उभी राहिली. मी मात्र हार मानणारी नाही. धावत खाली गेले, माझा झाडू मारायचा व्हॅक्यूम आणला आणि आतल्या खोलीत दार लावून चालू केला. घरघर ती घरघर!

नेबोयशा आत आला, आईला मिठी मारली, कान टवकारले.

"मावशी," तो दाराबाहेरून ओरडला, "तुझा व्हॅक्यूम कशाला बंद खोलीत कोंडून ठेवलायस?"

मी बंद केला. दुसरं काय करणार?

"गाढव बंद पडलं, बाळा," रादोयका म्हणाली. "आजच. पंप गेला." आणि तिने एप्रन सोडून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "शब्द दिला होता. उद्याचा दिवस पाहुण्यांचा होऊ दे, परवा मी बॅग भरते."

आमच्याकडे जुनी माणसं सांगतात, मित्रोवदानला डोंगरातले बंडखोर पांगत आणि गडी मालकाचं घर सोडून जात. मला वाटलं, बघ, आली आपलीही पांगापांग. तिहोमीर कोपऱ्यात उभा राहून टोपी पिळत होता. "मी मारलं त्याला," तो म्हणाला. "माझ्या व्हिनेगरने."

नेबोयशा तसाच वळला. खाली गाडीकडे गेला. मोठी सूटकेस आणायला गेला असणार, असं मला वाटलं, आणि त्या क्षणी मला तो मुलगा मुळीच आवडला नाही. पण परत आला तो एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. खोक्यात पंप होता. नवा कोरा, त्याच मापाचा.

रादोयका पंपाकडे बघते, मुलाकडे बघते. "हा कधी घेतलास?"

"सप्टेंबरमध्ये. फोनवर आवाज ऐकला ना. तुझा पंप तेव्हाच खरखरायला लागला होता. तुझ्या कानात तोच आवाज रोज बसलेला, म्हणून तुला कळलं नाही."

"पण तुला तर ते बंद पडायला हवं होतं!"

"हवं होतं ना." तो खाली बसला, हॉटेलच्या त्या धुडाशेजारी. "रोज वाटायचं, हा पंप नदीत फेकून द्यावा. कुणाला कळणार होतं? पण मग संध्याकाळी फोनही नसेल आणि हेही नसेल. नुसती तू, माझ्याच घरातल्या पलीकडच्या खोलीत, गप्प. ते मला आवडलं नाही." मग चिडून म्हणाला, "स्क्रू ड्रायव्हर कुठाय?"

मी सरळ रडले. लपवून रडण्याचा मला कंटाळा येतो.

पंप बसवायला दोघांना बराच वेळ लागला, कारण रादोयका त्याला एकही स्क्रू आपल्या मनाने पिळू देईना. "जोर नको, प्लास्टिक आहे ते! कडी आधी ओली कर! अरे, बस चालवतोस की टँक?" आणि तिहोमीरला हात लावायची परवानगी नव्हती. त्याच्याकडे फक्त दिवा धरायचं काम होतं. बटण दाबलं, फवारा उडाला, थेट तिहोमीरच्या चष्म्यावर. जुना पंपही तिने टाकला नाही. खालचे स्क्रू काढून नेबोयशाने तो उघडला, आतली साय धुतली, आणि आता तो आयवारच्या रिकाम्या बरणीत कपाटावर बसलाय.

दुसऱ्या दिवशी घर भरलं. पाद्री येऊन गेला, मेणबत्ती जळत होती, येणारा प्रत्येकजण दारातच साखर-अक्रोडाच्या शिजवलेल्या गव्हाचा एक चमचा खाऊन आत येत होता आणि गालिच्याकडे बघून "वा!" म्हणत होता. सगळे बसल्यावर रादोयका ग्लास घेऊन उभी राहिली.

"काल माझं गाढव बंद पडलं," ती म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे मी काय शब्द दिला होता. तो मी पाळणार. मी लिंझला जाणार."

मी हातातला सारमा ताटलीत परत ठेवला. नेबोयशाही उठून उभा राहिला. "आई, पंप बसवला ना आपण..."

"मध्ये बोलू नकोस. बंद पडलं की नाही?"

"पडलं."

"किती वेळ?"

तो गोंधळला. "एक दुपार."

"मग एक दुपारच मी तुझं देणं लागते. किती दिवसांसाठी यायचं हे आपण ऑगस्टमध्ये ठरवलंच नव्हतं." सगळे हसायला लागले, पण ती हसत नव्हती. तिने मुलाच्या गालावर हात ठेवला. "पण नाताळ झाला की इथे थंडीत गालिचा वाळत नाही आणि कुणी धूतही नाही. तेवढा सगळा महिना तुझा. दरवर्षी. चालेल?"

नेबोयशाने गालावरचा तिचा हात धरला. त्याने नुसती मान हलवली आणि आईच्या हातावर तोंड टेकवलं.

आणि ती खरंच गेली, नाताळ झाल्यावर. जाताना किल्ल्या माझ्याकडे दिल्या आणि हुकूम दिला: दर रविवारी गाढवात थोडं गरम पाणी फिरव, नाहीतर रबर सुकतं. व्हिनेगर दुकानातलं. तिहोमीरला आत सोडायचं नाही.

परवा रविवारी मी ते न्हाणीघरात उभं केलं, फोन कपडे धुण्याच्या मशीनवर ठेवला आणि लिंझला लावला. गाढव घरघरायला लागलं, मध्येच बारीक शिट्टीही वाजली. पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं फोन कटला.

मग दोघं एकदम ओरडले, आई नि मुलगा, एकाच सुरात:

"वुका, झाकण नीट लाव!"

"मावशी, झाकण!"